अकरांपैकी नववं पान

गेल्या वर्षी अकरा मार्चला, मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, ड्रोहेडातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंना मी तपासणीची फी म्हणून पासष्ट युरो दिले. खोलीत तिघं होतो: डॉक्टरबाई, मी आणि माझी बायको. बायकोचं तिथे काही काम नव्हतं. मंगळवारी ती घरून काम करते आणि सकाळी तिच्या दोन मीटिंगा असतात. त्या दोन्ही पुढे ढकलून ती माझ्याबरोबर आली होती. माझी काळजी वाटते म्हणून आली असेल, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

काम किरकोळ होतं. रोज सकाळी मी एक पांढरी गोळी घेत असे. ती माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पुण्याहून आणून देत असे. तो लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. त्या वर्षी त्याचं पुण्याला जाणं लांबलं आणि माझी शेवटची पट्टी संपत आली. "त्यालाच विचारा ना, करेल तो काहीतरी," असं बायको दोनदा म्हणाली. रक्तदाबाच्या साध्या गोळीसाठी त्याला कशाला त्रास, असं म्हणून मी इथल्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

मला मधुमेह होऊन बारा वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून माझी वही आहे. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, चहाच्या आधी, उपाशीपोटीची साखर. दर रविवारी रक्तदाब. मेहुणा त्या वहीची थट्टा करायचा. "भावजी, या वहीला ऑडिटर नेमा, मी फक्त सही करतो," म्हणायचा. त्या दिवशीही वही माझ्या हातात होती. डॉक्टरबाईंनी ती मागितली आणि गोळी सुरू होण्याच्या आधीचे रविवार काढून बघितले. १२२ वर ७८. १२४ वर ७६. १२० वर ७८. त्यांनी चार-पाच पानं मागे जाऊन बघितली आणि विचारलं, तुमचा रक्तदाब कधी वाढलेलाच नव्हता, मग ही गोळी कशासाठी?

मी म्हणालो, हल्ली मधुमेहाच्या सगळ्याच रुग्णांना देतात, असं मेहुण्याने सांगितलं होतं.

सगळ्यांना नाही, त्या म्हणाल्या. बहुतेक वेळा लघवीतून प्रथिनं जायला लागली की मूत्रपिंडं जपायला ती देतात. तुमच्या लघवीत कधी प्रथिनं सापडली होती का?

मी नाही म्हणालो. अगदी ठामपणे. बारा वर्षांचे सगळे रिपोर्ट माझ्या फायलीत आहेत, असतं तर मला दिसलंच असतं, असंही सांगितलं. शेजारी बायकोने पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

डॉक्टरबाईंनी रक्त घेतलं आणि लघवीसाठी बाटली दिली. या तपासण्या त्यांनी आधी केल्या नव्हत्या, यात त्यांचा दोष नव्हता. नऊ वर्षांत मी त्यांच्याकडे खोकला आणि एकदा मुरगळलेला पाय यांपलीकडे काही घेऊन गेलो नव्हतो. मधुमेहाच्या गोळ्या पुण्याहून सुटकेसमधून यायच्या. तपासण्या दर डिसेंबरला पुण्याला गेल्यावर एकदम व्हायच्या. फक्त त्याआधीच्या डिसेंबरात आमचंही जाणं झालं नव्हतं. रिपोर्ट फोनवरून मेहुण्याला जायचा आणि त्याचं उत्तर यायचं: "सगळं ग्रँड आहे, भावजी." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीक. इथे राहणाऱ्या आमच्यातल्या बहुतेक घरांची हीच रीत आहे. घरात डॉक्टर असताना बाहेरच्याला कशाला विचारायचं? मधुमेहाची औषधं इथे सरकारी योजनेतून फुकट मिळतात, हेही मला त्या दिवशीच कळलं. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं, याची मला अजून लाज वाटते.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय आहे?"

"घरी चला," बायको म्हणाली.

घरी आल्यावर ती वर गेली आणि साड्यांच्या कप्प्याच्या तळातून एक घडी घातलेला कागद घेऊन आली. तो मी कधी पाहिला नव्हता, पण तो फायलीत नाही हे मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरचा पुण्याचा रिपोर्ट अकरा पानांचा होता आणि माझ्या फायलीत दहा पानं होती. नववं पान नव्हतं. मी तेव्हा विचारलं होतं. लॅबची जाहिरात होती, हृदयाच्या तपासणीच्या पॅकेजची, टाकून दिली, असं ती म्हणाली होती. मी वहीत लिहून ठेवलं: पान ९, जाहिरात. माझ्याच अक्षरात ते अजून तसंच आहे.

पानावर एकच ओळ होती. लघवीतलं अल्ब्युमिन ४६. पुढच्या रकान्यात, असायला हवं ३० च्या आत. ही तपासणी पॅकेजमध्ये नव्हती. मेहुण्यानेच ती मुद्दाम जोडायला सांगितली होती आणि निकाल आल्यावर पहिला फोन त्याने माझ्या बायकोला केला होता.

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही झोपला नसता," ती म्हणाली. "बाबांचं आम्ही बघितलंय."

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांनाही मधुमेह होता. किडन्या गेल्या आहेत, हे डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं, तेव्हा ही दोघं भावंडं खोलीत होती. त्यानंतर त्यांची जेवणावरची वासना उडाली, ते कोणाशी बोलेनासे झाले आणि सहा महिन्यांत गेले. आजाराने नाही, सांगितल्यामुळे गेले, असं या दोघांनी मनाशी धरलं. म्हणून माझ्या वेळी दोघांनी फोनवर ठरवलं की मला सांगायचं नाही, गोळी तेवढी सुरू करायची.

मी तिला म्हणालो, मी तुझे बाबा नाही. ती जेवायला वाढत होती. मी खिडकीपाशी उभा राहून तो आकडा इथल्या एककात किती होईल याचा हिशेब करत होतो, कारण डोक्याला दुसरं काही सुचत नव्हतं. साधारण पाच पूर्णांक दोन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ऑफिसात डॉक्टरबाईंचा फोन आला. लघवीतलं अल्ब्युमिन इथल्या एककात चोवीस होतं, म्हणजे तीन वर्षांत साडेचार पटींहून जास्त. पण त्यांनी फोन त्यासाठी केला नव्हता. रक्तात पोटॅशियम ५.९ होतं. ते पाच-सव्वापाचच्या वर जायला नको. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यांनी विचारलं, मिठाऐवजी दुसरं काही वापरता का? मीठ कमी करणाऱ्यांसाठी दुकानात मिळतं ते?

मी पुन्हा ठामपणे नाही म्हणालो. दोन दिवसांत दुसऱ्यांदा.

त्यांनी लगेच हॉस्पिटलात जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्यायला सांगितलं. मी बायकोला कळवायला फोन केला आणि आकडा सांगितला. मग ती म्हणाली, "पोटॅशियम मिठात असतं का हो?"

हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही चार तास बसलो आणि तिथे मला उरलेलं कळलं. गेली दोन वर्षं आमच्या मिठाच्या बरणीत मीठ नव्हतं, निदान पूर्ण नव्हतं. ती कमी सोडियमचं मीठ आणायची, बरणीत ओतायची आणि रिकामं खोकं रीसायकलच्या डब्यात इतर खोक्यांच्या खाली घालायची. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. आमटी कडवट लागते, अशी माझी तक्रार असायची. इथल्या मिठाची चवच तशी, असं ती सांगायची आणि मी ऐकून घ्यायचो. मेहुण्याने दिलेल्या गोळीमुळे पोटॅशियम शरीराबाहेर कमी जातं. ही गोळी घेणाऱ्याने ते मीठ खाऊ नये, हे कुठलाही डॉक्टर सांगतो. मेहुण्याने तिला एवढंच सांगितलं होतं की मीठ कमी कर. गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, हे सांगितलं नव्हतं, कारण ताई घाबरेल. तिने मीठ बदलल्याचं त्याला सांगितलं नव्हतं, कारण तो म्हणेल, भावजींना कळेल. मला न सांगता चालवायचं म्हटल्यावर ती दोघं एकमेकांनाही सांगेनाशी झाली होती.

आलेख ठीक निघाला. दुसऱ्यांदा रक्त घेतलं, तेव्हा पोटॅशियम ५.७ होतं. गोळी तूर्त बंद करा, ते मीठ आजच फेका आणि आठवड्याने परत तपासा, असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी सोडलं. घरी येऊन मी बरणी सिंकमध्ये रिकामी केली. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने मदत केली नाही आणि मी मागितली नाही.

शनिवारी आम्ही लेटरकेनीला गेलो. अडीच तासांवर घर आहे. मोनाहनच्या पुढे थोडा रस्ता शेजारच्या देशातून जातो; सीमा ओलांडली की वेगाच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर येतात आणि पुढे परत किलोमीटरवर जातात. एरवी त्या बदलावर आमचं काहीतरी बोलणं होतं.

मेहुण्याची बायको ड्यूटीवर होती. त्याने चहा केला. मिठाचं प्रकरण बहिणीने त्याला आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं आणि त्याचा चेहरा उतरलेला होता. तो माझ्यासमोर बसला आणि हातातली चहाची गाळणी दाखवून म्हणाला, "भावजी, किडनी म्हणजे समजा ही गाळणी..."

"गाळणी नको," मी म्हणालो. "पोराला सांगतात तसं सांगू नकोस. कुठल्या पेशीत काय बिघडलं, ते सांग. तीन वर्षं मला सांगितलं नाहीस, आता पूर्ण सांग."

त्याने ड्रॉवरमधून कागद आणि पेन काढलं. पुढचा पाऊण तास तो बोलला आणि, हे लिहायलाच हवं, त्याने काही लपवलं नाही.

मूत्रपिंडात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची लाखो गुंतवळं असतात, तिथे रक्त गाळलं जातं. स्नायूंच्या पेशीत साखर शिरायला इन्सुलिन लागतं, तिथे दाराला कडी आहे. पण या गुंतवळातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि त्यांना मधून आधार देणाऱ्या पेशी, यांना दार लोटून घेता येत नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते. मग पेशीच्या आतल्या भट्ट्या ती जास्तीची साखर जाळायला लागतात आणि त्यातून ऑक्सिजनचे जे तापट कण उडतात, ते पेशीलाच आतून पोळतात. आधाराच्या पेशी त्या त्रासाने चिकट, दाट पदार्थ तयार करत राहतात. गाळायचा पडदा जाड होतो, पण घट्ट होत नाही.

त्या पडद्याच्या बाहेरून काही पेशी बसलेल्या असतात. त्याने एक काढून दाखवली, खूप पाय असलेली. शेजारशेजारच्या पेशींचे पाय एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांच्या फटींतून पाणी जातं, प्रथिनं जात नाहीत. साखरेने आणि दाबाने ते पाय आखडतात, चपटे होतात, एखादी पेशी सुटते आणि लघवीतून वाहून जाते.

"तिच्या जागी नवी?" मी विचारलं.

"जवळपास नाहीच. जन्माला येताना मिळतात तेवढ्या. एक गेली की शेजारची ताणून जागा भरते. मग तीही दमते. मग तिथून अल्ब्युमिन गळतं."

मी विचारलं, गेलेल्या किती? ते मोजता येत नाही, म्हणाला. जे गळतं, तेवढंच मोजता येतं.

मग मी वही उघडली. रक्तावरून काढलेला मूत्रपिंडांच्या गाळण्याचा आकडाही मी दरवर्षी लिहीत होतो. पाच वर्षांपूर्वी तो ११८ होता. छापील मर्यादा नव्वदच्या वर. तेव्हा मी त्याच्यापुढे एक लहानशी बरोबरची खूण केली होती आणि त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं होतं की आपल्या किडन्या पंचविशीतल्या पोरासारख्या आहेत. त्यानंतर १०९, १०३, ९६ आणि आता डॉक्टरबाईंच्या तपासणीत ८८. मला वाटायचं, वयाने होत असेल.

मेहुण्याने खूण बघितली. "तो चांगला आकडा नव्हता, भावजी," तो म्हणाला. "तेव्हा त्या जास्त धावत होत्या."

हे मी त्याच्याकडून दोनदा समजावून घेतलं, कारण माझा विश्वास बसेना. गाळलेलं पाणी बारीक नळ्यांतून पुढे जातं. नळीच्या सुरुवातीच्या पेशी त्यातली साखर उचलून परत रक्तात देतात, आणि साखरेबरोबर मीठही उचलतात. साखर जास्त असली की त्या जास्त उचलतात, मीठही जास्त जातं. नळीच्या पुढच्या टोकाला काही पेशी केवळ किती मीठ पोचलं, एवढंच तपासायला बसलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत मीठ कमी पोचतं. त्यांना वाटतं, गाळणंच कमी होतंय. मग त्या मागे निरोप धाडतात की रक्ताचा नळ मोठा करा. नळ मोठा होतो, गुंतवळातला दाब वाढतो, गाळणं वाढतं, रिपोर्टवर ११८ येतो, आणि पायांच्या पेशी त्या दाबाखाली सुटायला लागतात.

"म्हणजे त्या टोकाच्या पेशींचं काही चुकत नाही," मी म्हणालो. "त्यांना जे कळतं त्यावरून त्या बरोबरच करतात."

"हो."

"मीही तेच केलं. सकाळची उपाशीपोटीची साखर रोज मोजली, कारण बाकी सगळं ग्रँड आहे असं तू लिहायचास. दुपारी भात खाऊन किती चढते ते कधी बघितलं नाही. लघवीत ४६ आहे, हे मला कळलं असतं तर त्या दिवसापासून बघितलं असतं."

बायको म्हणाली, "तुम्ही नुसते आकडे बघत बसला असता."

"आकडेच बघायचे होते," मी म्हणालो.

मग मी मेहुण्याला जे विचारायला गेलो होतो, ते विचारलं. पहिल्या वेळी सांगितलं नाहीस, ते मी समजून घेतो. पण त्यानंतरच्या दोन डिसेंबरांत लघवीची तपासणी का केली नाहीस? या वर्षी रक्त पुरे, असं का सांगितलंस? तुझ्या हॉस्पिटलातल्या रुग्णाची तपासणी तू अशी सोडली असतीस का?

त्याने कागद उलटा केला. बहिणीकडे बघितलं नाही. "मोजलं असतं तर सांगावं लागलं असतं, भावजी," तो म्हणाला.

तीन वर्षं नुसती गेली ती यामुळे. प्रेमाने लपवलं, हे मला पटतं. पण लपवलेलं तसंच राहावं म्हणून पुढे बघायचंच सोडून दिलं, तिथे माझ्यापेक्षा ते लपवणं मोठं झालं. नेमक्या त्या काळात पायांच्या किती पेशी गेल्या, ते आता त्याला, मला किंवा डॉक्टरबाईंना कधी कळणार नाही.

निघताना मी गोळ्यांचे पैसे किती झाले, ते विचारलं. आधीही विचारायचो, तेव्हा तो हसून म्हणायचा, ताईच्या नवऱ्याकडून पैसे घेऊ का? या वेळी तो हसला नाही. "असं करू नका, भावजी," एवढंच म्हणाला. बायको तोवर गाडीत जाऊन बसली होती.

आठवड्याने पोटॅशियम ४.७ आलं. एप्रिलमध्ये डॉक्टरबाईंनी तीच पांढरी गोळी परत सुरू केली, या वेळी कशासाठी ते सांगून. शिवाय एक नवी गोळी दिली. नळीच्या सुरुवातीच्या पेशींना ती साखर आणि मीठ परत उचलू देत नाही. साखर लघवीतून जाते आणि टोकाच्या पेशींना खरं काय ते कळतं. गाळण्याचा आकडा सुरुवातीला थोडा खाली येईल, घाबरू नका, तो दाब उतरल्याचा आकडा असेल, असं त्यांनी आधीच बजावलं. तो ८८ वरून ८२ वर आला. मी घाबरलो नाही आणि रात्री झोपलोही. सप्टेंबरात अल्ब्युमिन चोवीसवरून एकोणीसवर आलं होतं. आता मी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनीही साखर मोजतो. भात निम्म्यावर आला आहे.

घरात आम्ही बोलतो. बायको आता माझे रिपोर्ट उघडत नाही. पाकीट आलं की न फोडता माझ्या टेबलावर ठेवते आणि खोलीबाहेर जाते. एकदा दारातून म्हणाली, "वाचून झालं की मला सांगाल ना?" मी हो म्हणालो. सांगितलं दोन दिवसांनी. आधी सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं.

लेटरकेनीला मी आता एकटा कधी फोन करत नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी वहीवरून हिशेब केला. तीन वर्षं, रोज एक, म्हणजे एक हजार पंच्याण्णव गोळ्या. पंधराची पट्टी, त्र्याहत्तर पट्ट्या. शेवटच्या पट्टीवर छापलेली किंमत एकशेवीस रुपये. एकूण आठ हजार सातशे साठ रुपये. शंभर रुपयांना एक युरो धरून मी सत्त्याऐंशी युरो साठ सेंट मेहुण्याच्या खात्यावर भरले आणि कशाबद्दल या जागी 'औषधं' असं लिहिलं. त्याने ते परत पाठवले नाहीत. संध्याकाळी त्याचा एका शब्दाचा निरोप आला: मिळाले.